‘शॉक’ शब्दाशी भांडलेला इंजिनीअर

अपघात विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: पेशंट शॉकमध्ये गेला. हाच शब्द विजेचा झटका बसलेल्यासाठी वापरतात आणि वाईट बातमी ऐकून सुन्न झालेल्या आईसाठीही. केसपेपरवर डॉक्टरही तोच लिहितात. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द पुरतो, तेव्हा त्या शब्दातून नेमके काय कळते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

१९४३ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरातल्या रुग्णालयात एका प्रयोगशाळा सहायकाला तो पडला होता. वय ५४, पगार आठवड्याला ४ पौंड. हा सहायक म्हणजे केंब्रिज विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लुडविग विटगेनस्टाइन. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी तत्त्वज्ञांत त्याची गणना होते. त्याने विद्यापीठात प्रथम जे शिक्षण घेतले ते मात्र तत्त्वज्ञानाचे नव्हते. आधी मेकॅनिकल इंजिनीअरिंग आणि मग त्या काळात नुकतेच आकार घेत असलेले विमानशास्त्र, असा तो मार्ग होता. रुग्णालयात तो जे करू शकला, त्याची मुळे या शिक्षणात सापडतात.

लाकूड आणि तारेचे शिवणयंत्र

विटगेनस्टाइनचा जन्म २६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्नात झाला. वडील कार्ल हे ऑस्ट्रिया-हंगेरीतले मोठे पोलाद उद्योगपती. घरात अमाप संपत्ती, पियानो, चित्रे. संगीतकार ब्राम्सची घरी ये-जा. आठ भावंडांत लुडविग सर्वांत धाकटा. भावंडे संगीतात रमत, याला यंत्रे आवडत. दहाएक वर्षांचा असताना त्याने लाकडाचे तुकडे आणि तार जोडून शिवणयंत्राचे चालते मॉडेल बनवले आणि त्यावर टाके घालून दाखवले, असे घरचे कौतुकाने सांगत.

या वैभवाला दुःखाची किनारही होती. थोरला भाऊ हान्स १९०२ साली अमेरिकेत बेपत्ता झाला. रुडॉल्फने १९०४ साली बर्लिनमध्ये विष घेतले. कुर्टने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी स्वतःवर गोळी झाडून घेतली. चौथा भाऊ पाउल हा पियानोवादक. युद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी तो एका हाताने वाजवत राहिला. खुद्द लुडविगलाही निराशेचे झटके येत आणि आयुष्य संपवण्याचे विचार त्याला तरुणपणी अनेकदा छळत. घराण्यातला मानसिक आजार आज आपण ज्या गांभीर्याने विचारतो, तसे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

चौदाव्या वर्षापर्यंत शिक्षण घरीच झाले. मग लिंझ गावातल्या शाळेत तीन वर्षे. याच सुमारास त्याने दोन भौतिकशास्त्रज्ञांचे लेखन वाचले, बोल्ट्झमान आणि हर्ट्झ. व्हिएन्नात बोल्ट्झमान यांच्या हाताखाली शिकावे असे त्याच्या मनात होते. पण शाळा संपली त्याच वर्षी, १९०६ साली, बोल्ट्झमान यांनी आत्महत्या केली. विटगेनस्टाइन बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तंत्रविद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी दाखल झाला आणि मे १९०८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला.

हर्ट्झचे नाव लक्षात ठेवावे, कारण तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे. यांत्रिकीवरच्या पुस्तकात हर्ट्झने ‘बल’ या शब्दाचा घोळ मांडला होता. बल म्हणजे खरोखर काय, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे डोके खाजवत होते. हर्ट्झची सूचना अशी की, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापेक्षा ‘बल’ ही मूळ कल्पना न वापरता सगळी यांत्रिकी नव्याने मांडून पाहावी. तसे जमले तर प्रश्न सुटणार नाही, पण तो पडायचाच थांबेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात ही युक्ती जन्मभरासाठी रुतली.

पतंग, पाऊस आणि भुईचक्र

१९०८ साली विमानविद्या शिकायची म्हणजे काय करायचे? राइट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन पाचच वर्षे झाली होती. ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, क्रमिक पुस्तके नव्हती. विटगेनस्टाइनला स्वतःच्या हाताने विमान बनवून ते उडवायचे होते. त्यासाठी तो इंग्लंडला, मँचेस्टर विद्यापीठात गेला. रुदरफोर्ड त्याच विद्यापीठात अणूचे रहस्य शोधत होते.

पहिला उन्हाळा गेला डर्बीशायरच्या उजाड माळरानावर, ग्लॉसॉप गावाजवळ. विद्यापीठाचे तिथे वरच्या हवेचा अभ्यास करणारे केंद्र होते. मोठमोठ्या पतंगांना हवामान मोजणारी उपकरणे बांधून ती आकाशात सोडायची आणि वरच्या थरांतले तापमान, वारा, आर्द्रता नोंदवायची, असे काम. मुक्काम माळावरच्याच एका खानावळवजा सरायीत. सतत पाऊस आणि गैरसोयी यांबद्दल त्याने बहिणीला पत्रातून तक्रार केली. पण पतंग बनवण्याचे, ते उडवण्याचे काम त्याने मनापासून केले. विल्यम एकल्स हा इंजिनीअर मित्र त्याला इथेच भेटला.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत मँचेस्टरच्या अभियांत्रिकी विभागात संशोधक विद्यार्थी म्हणून त्याचे नाव दाखल झाले. प्रश्न होता विमानाच्या इंजिनाचा. त्या काळची इंजिने जड आणि बेभरवशाची. इंजिनाने दांडा फिरवायचा, दांड्याने पंखा फिरवायचा, यात वजन वाढते आणि शक्ती वाया जाते. विटगेनस्टाइनने वेगळा विचार केला. पंख्याच्या पात्यांच्या टोकांशीच इंधन जाळले आणि तप्त वायू मागच्या बाजूने जोरात बाहेर सोडले, तर त्या प्रतिक्रियेने पंखा आपोआप फिरेल.

हे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. दिवाळीत भुईचक्र पेटवल्यावर त्याच्या कडेने ठिणग्या एका दिशेला सुटतात आणि चक्र उलट दिशेला गरगरते. विटगेनस्टाइनचा पंखा म्हणजे विमानाच्या नाकावर बसवलेले भुईचक्रच. फिरणाऱ्या पोकळ पात्यांतून हवा केंद्रापासून टोकाकडे फेकली जाते. म्हणजे हवा दाबून भरण्याचे काम पंख्याचे फिरणेच करते. त्याने प्रयोगशाळेत ज्वलनकक्ष तयार करवून घेऊन त्यावर प्रयोग केले. नोव्हेंबर १९१० मध्ये पंख्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट १९११ मध्ये ते मंजूर झाले.

तो पंखा कुठल्या विमानाला कधी बसला नाही. कल्पना मात्र वाया गेली नाही. पात्यांच्या टोकांशी ज्वलन करून फिरणारे हेलिकॉप्टर १९४३ साली ऑस्ट्रियातच डोब्लहोफ या अभियंत्याने उडवले. १९५७ साली ब्रिटनमध्ये फेअरी रोटोडाइन हे मोठे यान याच तत्त्वावर उडाले. त्यांच्यामागे विटगेनस्टाइनचे पेटंट होते असे नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याची दिशा चुकलेली नव्हती, एवढे त्यातून दिसते.

पात्याचा आकार ठरवायला गणित लागते. ते करता करता त्याला यंत्रापेक्षा गणित जास्त खेचू लागले. मग गणित कशाच्या आधारावर उभे आहे, हा प्रश्न आला. बर्ट्रांड रसेलचे त्यावरचे पुस्तक त्याने वाचले, जर्मनीत फ्रेगे या तर्कशास्त्रज्ञाची भेट घेतली आणि १९११ च्या शरद ऋतूत तो न कळवताच केंब्रिजला रसेलच्या दारात जाऊन उभा राहिला. आपण निव्वळ मूर्ख असू तर तसे सांगावे, म्हणजे मी विमानाच्या कामाला लागतो, असे त्याने रसेलला विचारल्याची कथा प्रसिद्ध आहे. रसेलने त्याला सुट्टीत काहीतरी लिहून आणायला सांगितले. लिहिलेले पहिले वाक्य वाचूनच रसेलने ठरवले की या मुलाने विमानाकडे जाऊ नये.

युद्ध, शाळा आणि तीन सेंटिमीटर

पुढची वर्षे वेगाने सांगतो. हर्नियामुळे त्याला लष्करी सेवेतून सूट होती. तरी १९१४ साली तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने भरती झाला. इंजिनीअर असल्यामुळे काही काळ तोफखान्याच्या दुरुस्ती कार्यशाळेत काढला, तिथल्या एका स्फोटात जखमी झाला आणि नंतर प्रत्यक्ष आघाडीवर लढला. खंदकांत आणि छावण्यांत लिहिलेल्या टिपणांतून त्याचे पहिले पुस्तक तयार झाले. पॅरिसच्या एका न्यायालयात मोटार अपघात समजावून देण्यासाठी छोट्या मोटारी आणि बाहुल्या मांडल्या गेल्या, हे त्याला ठाऊक होते. वाक्यही असेच वस्तुस्थितीचे मॉडेल असते, ही त्या पुस्तकातली मध्यवर्ती कल्पना त्याच्या मनात या उदाहरणाशी जोडलेली होती. मॉडेल बनवण्याची सवय असलेल्या माणसालाच असे सुचावे. पुस्तक त्याने डेव्हिड पिन्सेंट या मित्राला अर्पण केले. विटगेनस्टाइन विमानविद्या सोडून तत्त्वज्ञानात आला. पिन्सेंट युद्धकाळात विमानांच्या संशोधनात गेला आणि मे १९१८ मध्ये चाचणी उड्डाणातच मरण पावला.

युद्ध संपल्यावर त्याने वडिलोपार्जित सगळी संपत्ती भावंडांना देऊन टाकली आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ खेड्यांत प्राथमिक शिक्षक झाला. मुलांसोबत मांजराच्या हाडांचा सांगाडा जोडला. कारखान्यातले बंद पडलेले वाफेचे इंजिन चार माणसांना ठरावीक तालात हातोडे मारायला लावून सुरू केले, अशी आठवण गावकरी सांगत. पण याच काळात त्याचा तापट स्वभाव मुलांवर निघाला. १९२६ साली त्याने मारल्यावर एक मुलगा बेशुद्ध पडला आणि त्याने नोकरी सोडली. नंतर काही वर्षांनी तो त्या खेड्यात परत गेला आणि ज्यांना मारले होते त्यांची माफी मागितली.

मग व्हिएन्नात बहिणीसाठी घर बांधण्याच्या कामात त्याने दोन वर्षे घालवली. दाराच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, खोली गरम करणारे रेडिएटर हे सगळे स्वतः आखले. घर जवळजवळ पूर्ण झाल्यावर एका दालनाचे छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावले. १९२९ साली तो केंब्रिजला परतला आणि १९३९ मध्ये प्राध्यापक झाला. तोवर त्याचे विचार बदलले होते. शब्दाचा अर्थ शोधायचा तर तो शब्द लोक कुठे, कशासाठी वापरतात ते पाहावे, असे तो आता शिकवू लागला.

वैद्यकाची ओढ त्याला आधीपासून होती. एका टप्प्यावर त्याने स्वतः डॉक्टर होण्याचा विचार केला होता. त्याच्या सांगण्यावरून मॉरिस ड्रुरी या शिष्याने डब्लिनला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पुढे तो मनोविकारतज्ज्ञ झाला. डॉक्टरांवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. फ्रँक रॅम्सी हा त्याचा अत्यंत बुद्धिमान गणिती मित्र जानेवारी १९३० मध्ये कावीळ होऊन, शस्त्रक्रियेनंतर, लंडनच्या गाइज रुग्णालयात दगावला. वय अवघे २६. आपल्या कोकणात आणि मुंबईत दर पावसाळ्यात भीती असलेल्या लेप्टोस्पायरोसिसची शक्यता रॅम्सीच्या अलीकडच्या चरित्रात मांडली आहे. आजारापूर्वी तो नदीत पोहला होता. १९४१ मध्ये फ्रान्सिस स्किनर हा दुसरा जिवलग पोलिओने गेला. दोघेही वाचू शकले असते, असे विटगेनस्टाइनला वाटत राहिले.

औषधांच्या टोपल्या आणि फिरता ड्रम

बॉम्ब पडणाऱ्या लंडनकडे पाहत केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान शिकवणे त्याला असह्य झाले. प्राध्यापक जॉन रायल या डॉक्टरांच्या मध्यस्थीने १९४१ च्या शरद ऋतूत तो त्याच गाइज रुग्णालयात हमाल म्हणून लागला. औषधालयातून वॉर्डात औषधे पोहोचवायची, हे काम. आपण कोण आहोत हे कुणाला सांगू नये, अशी त्याची अट होती. औषधे देताना ती घेऊ नका असा सल्लाही तो रुग्णांना देई, असे म्हणतात. (वाचकांनी हा सल्ला मानू नये.) पुढे त्याला मलम बनवण्याच्या कामावर घेतले. त्वचारोगावर झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलिक ॲसिड घालून केलेली लासार पेस्ट वापरतात. विटगेनस्टाइनने घोटलेली पेस्ट इतकी एकजीव असे, की इतकी चांगली पेस्ट पूर्वी कधी मिळाली नव्हती, असे तिथले लोक म्हणत.

त्याच्या स्वतःच्या पित्ताशयातल्या खड्याची शस्त्रक्रियाही १९४२ मध्ये गाइजमध्ये झाली. पूर्ण भूल घ्यायला त्याने नकार दिला आणि पोटात काय चालले आहे ते दिसावे म्हणून शस्त्रक्रियागृहात आरसे लावून घेतले. याला हट्ट म्हणता येईल. पण इंजिन उघडले जात असताना इंजिनीअर डोळे मिटून राहणे कठीणच.

गाइजमध्येच त्याची ओळख डॉ. बॅसिल रीव्ह यांच्याशी झाली. डॉ. आर. टी. ग्रँट आणि रीव्ह हे बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्यांचा अभ्यास करत होते. विषय होता जखमांनंतरचा शॉक. पहिल्या महायुद्धापासून या विषयावर ढीगभर लेखन झाले होते, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते. रुग्णांजवळ बसून पाहिल्यावर ग्रँट आणि रीव्ह यांना कारण दिसू लागले. एका डॉक्टरने शॉक म्हटलेला रुग्ण दुसऱ्याच्या मते शॉकमध्ये नसे. कुणाचे हातपाय गार, चेहरा पांढराफटक, पण रक्तदाब ठीक. कुणाचा दाब खाली, पण कातडी ऊबदार. प्रत्येकाच्या शरीरात वेगळे काही घडत होते आणि केसपेपरवर सगळ्यांसाठी शब्द एकच.

त्यांनी ठरवले की शॉकची व्याख्या करत बसायचे नाही. जखम केवढी, रक्त किती गेले, नाडी, दाब, त्वचेचे तापमान हे प्रत्येक रुग्णाचे मोजून लिहायचे. शॉक आहे की नाही हे लिहायचेच नाही. विटगेनस्टाइनला हे ऐकून आनंद झाला. हर्ट्झने ‘बल’ या शब्दाचे जे करायला सांगितले होते, तेच हे डॉक्टर ‘शॉक’चे करत होते. विभागाच्या अहवालात हा शब्द प्रत्येक वेळी उलटा छापावा, म्हणजे तो निरुपयोगी आहे हे वाचकाच्या डोळ्यांत भरेल, अशी सूचना त्याने केल्याचे डॉ. रीव्ह यांनी नंतर सांगितले.

लंडनवरचे हल्ले थंडावल्यावर जखमी मिळेनात. मग हे पथक खाणी आणि कारखान्यांतले अपघात भरपूर येणाऱ्या न्यूकॅसलला, रॉयल व्हिक्टोरिया इन्फर्मरीत गेले. २९ एप्रिल १९४३ रोजी विटगेनस्टाइन तिथे सहायक म्हणून रुजू झाला. हाड मोडल्यावर त्यातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत अडकू शकते. ती ओळखण्यासाठी ऊती गोठवून त्यांचे अतिशय पातळ काप घ्यायचे आणि रंगवायचे, हे कसबी काम त्याच्याकडे होते.

दुसरे काम त्याने स्वतःच्या डोक्याने वाढवले. काही जखमींमध्ये श्वास आत घेताना नाडी क्षीण होते, असे दिसत होते. श्वासाची खोली आणि वेग यांचा नाडीशी संबंध काय, हे मोजायचे होते. त्याने उपलब्ध उपकरणात सुधारणा केल्या आणि स्वतःवरच प्रयोग करून फिरत्या ड्रमवर आलेख काढले. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षाला काजळी धरलेल्या कागदाचा असा ड्रम हाताळला आहे. रेघ सरळ येण्यासाठी किती कौशल्य लागते ते आम्हाला ठाऊक आहे. हा माणूस तत्त्वज्ञ होण्याऐवजी शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला असता तर बरे, असे डॉ. ग्रँट यांना वाटले. मँचेस्टरमध्ये ज्वलनकक्षाशी झटणारा विद्यार्थी ३० वर्षांनी पुन्हा दाब, प्रवाह आणि वेग मोजत होता. या वेळी यंत्र होते माणसाचे हृदय.

१९४४ च्या सुरुवातीला ग्रँट आणि रीव्ह इटलीच्या आघाडीकडे गेले आणि विटगेनस्टाइन फेब्रुवारीत न्यूकॅसल सोडून परतला. पथकाचा सविस्तर अहवाल ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५१ साली प्रसिद्ध केला. जखमेचा आकार आणि गेलेले रक्त यांचा हिशेब त्यात मांडलेला आहे, आणि शॉक हा शब्द बाजूला ठेवण्याची शिफारसही.

डॉक्टरच्या घरी

१९४७ मध्ये त्याने प्राध्यापकपद सोडले. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिजचे डॉ. एडवर्ड बेव्हन यांनी त्याला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान केले. या कर्करोगाला पुरुषी संप्रेरकांचे खतपाणी मिळते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले होते. त्यामुळे इस्ट्रोजेनचे उपचार तेव्हा नवे, पण उपलब्ध होते. ते विटगेनस्टाइनला मिळाले आणि काही काळ त्याला बरे वाटले. पुरुषी संप्रेरकांना रोखणे हा आजही या आजाराच्या उपचाराचा एक मुख्य आधार आहे.

त्याला एकच धास्ती होती, इंग्लंडच्या रुग्णालयात मरण येण्याची. डॉ. बेव्हन यांनी त्याला सांगितले की शेवटच्या दिवसांत तुम्ही आमच्या घरी राहा. १९५१ च्या सुरुवातीला तो तिथे राहायला गेला. उपयोग होत नाही असे दिसल्यावर संप्रेरके आणि क्ष-किरणांचे उपचार थांबवले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचे डोके पुन्हा चालू लागले आणि माणूस एखादी गोष्ट खात्रीने जाणतो म्हणजे काय, यावर तो रोज लिहू लागला. शेवटची नोंद २७ एप्रिलची. २९ एप्रिल १९५१ रोजी त्याचा मृत्यू झाला. आपले आयुष्य फार छान गेले असे मित्रांना सांगा, असा निरोप त्याने श्रीमती बेव्हन यांच्याजवळ ठेवला. घरी, शांतपणे, ओळखीच्या माणसांत मरण यावे यासाठी काय लागते, हे पॅलिएटिव्ह केअर हा शब्द रूढ होण्याआधी एका डॉक्टर दांपत्याने दाखवून दिले.

शब्द राहिला, सवय बदलली

शॉक हा शब्द वैद्यकातून गेला नाही. तो आम्ही रोज वापरतो आणि माझ्या मते त्याची गरजही आहे. कॅज्युअल्टीत कुणी शॉक म्हणून ओरडले की नर्स, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर सगळे धावतात. शब्दाचा तो एक उपयोग झाला, हाकेचा. तिथेच थांबले तर मात्र रुग्णाचे नुकसान होते. शॉक म्हणजे पेशींना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. तो का पोहोचत नाही याची उत्तरे चार गटांत पडतात. रक्त किंवा पाणी कमी झाले, हृदयाचा पंप कमजोर पडला, जंतुसंसर्गाने किंवा ॲलर्जीने रक्तवाहिन्या सैलावल्या, किंवा रक्ताच्या वाटेत अडथळा आला. जुलाबाने कोरड्या पडलेल्या रुग्णाला सलाइन जीवदान देते. तेच सलाइन भराभर दिले तर हृदय थकलेल्याच्या फुप्फुसांत पाणी भरते. शब्द एकच, उपचार उलटे. म्हणून आज आम्ही नाडी, दाब, लघवीचे प्रमाण, नखे दाबल्यावर रक्त परतायला लागणारा वेळ, रक्तातले लॅक्टेट हे सगळे मोजतो. ग्रँट, रीव्ह आणि त्यांचा सहायक यांनी धरलेला आग्रह हाच होता.

पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या वॉर्डात याचा प्रत्यय येतो. १००/८० हा रक्तदाब पाहून नातेवाइकांना हायसे वाटते, कारण वरचा आकडा शंभर आहे. डॉक्टरचे लक्ष दोन आकड्यांमधल्या फरकाकडे असते. एरवी तो ४० च्या आसपास असतो. डेंग्यूत तो २० किंवा त्याहून कमी झाला, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून धोका जवळ आला आहे. ज्याला शॉक म्हणावे असे अजून काही दिसत नसते, पण मोजमाप आधीच बोललेले असते.

वाचकांनाही हे करता येण्यासारखे आहे. अशक्तपणा, गॅस, कावीळ, लो बीपी, माइल्ड अटॅक हे आपल्या बोलण्यातले असेच शब्द आहेत. कावीळ म्हणजे डोळे पिवळे होणे; त्यामागे खडा असेल, विषाणू असेल किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल. छातीतल्या कळेला गॅस म्हटले की घरातली धावपळ थांबते, आणि अनेकदा तीच वेळ मोलाची असते. डॉक्टरकडे जाताना हा शब्द घरी ठेवावा. त्रास कधी सुरू झाला, कुठे होतो, चालल्याने वाढतो का, ताप किती होता, शेवटची लघवी कधी झाली, हातपाय गार पडले का, कुठली गोळी घेतली, हे चार ओळींत लिहून न्यावे. डेंग्यूचा रुग्ण घरी असेल, तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस ही वही विशेष नेटाने ठेवावी, कारण धोका बहुधा तेव्हाच येतो. पोट खूप दुखू लागले, उलट्या थांबेनात, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा रुग्ण झोपाळलेला वाटला, तर शॉक आहे की नाही याची चर्चा न करता त्याला रुग्णालयात आणावे.